तीन पिकं आली, दोन वाया गेली

आमच्या लॅबमध्ये कुणी "पीक आलं!" म्हणून ओरडलं तर ते शेतातलं नसतं. संगणकाच्या पडद्यावर गुणसूत्राचा आलेख असतो. डावीकडून उजवीकडे सपाट जाणारी रेघ मध्येच कुठेतरी टेकडीसारखी वर उचलते. त्या टेकडीला आम्ही पीक म्हणतो, इंग्रजीतलं. तीन वर्षांपूर्वी नवरात्रात मी घरी फोन केला आणि म्हणाले, "आण्णा, आज तीन पिकं आली."

आण्णा म्हणाले, "कशाची? भुईमूग तर अजून काढायचाय."

मग मी त्यांना सगळं सांगायला बसले. टिक्का म्हणजे भुईमुगाच्या पानांवर ठिपके पाडणारा रोग. त्याला बळी न पडणाऱ्या वीस लाइनींची (लाइन म्हणजे एका झाडापासून पिढ्यान् पिढ्या चालवलेला वंश) पानं घेतली, टिक्क्यानं झोडपलेल्या वीस लाइनींची घेतली. सगळ्यांचा डीएनए काढला. चांगल्या विसांचा एका नळीत मिसळला, वाईट विसांचा दुसऱ्या नळीत. दोनच नळ्या डीएनएची अक्षरं वाचायला पाठवल्या.

"म्हंजी चाळीस झाडांचा काला केलास," आण्णा म्हणाले. "आता त्यातनं कुठल्या झाडाचं काय, ते कसं निवडनार?"

"निवडायचंच नाही आण्णा. तीच तर गंमत आहे."

या उत्तराचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. पुढचे चार महिने त्याच उत्तरानं मला छळलं.

मी मूळची संख्याशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर एका कृषी संशोधनाच्या प्रकल्पात "आकडेमोडीला माणूस हवंय" म्हणून लागले. पहिल्या आठवड्यात मला पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायचं साधन, कसं धरायचं ते माहीत नव्हतं, पण भुईमूग माहीत होता. कराड तालुक्यात आमची दोन एकर आहे. भुईमूग दरवर्षी, आणि वाण म्हणाल तर वर्षानुवर्षं टॅग-२४. हा भाभा अणुसंशोधन केंद्रानं काढलेला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीनं शेतकऱ्यांपर्यंत आणलेला वाण. टॅग म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट. बुटका, लवकर येणारा, शेंगा झुपक्यानं धरणारा. दोष एकच, टिक्का आणि तांबेरा या दोघांपुढे हा हात टेकतो.

आमच्या काल्यामागची कल्पना लिंकेजची. ते म्हणजे काय ते एका वाक्यात सांगते. गुणसूत्रावर शेजारी असलेल्या दोन गोष्टी पुढच्या पिढीत सहसा एकत्रच जातात, दूर असलेल्यांची ताटातूट होते. रोगप्रतिकाराचं जनुक आपल्याला दिसत नाही. पण त्याच्या शेजारचं डीएनएचं एखादं अक्षर वाचता येतं. त्या अक्षराला आम्ही मार्कर म्हणतो. जो मार्कर प्रतिकाराबरोबर चिकटून फिरतो, त्याच्या आसपास जनुक.

हे शोधायचा सरळ मार्ग म्हणजे एकेक झाड तपासणं. आमच्याकडे १८० लाइनी होत्या. दोन वाणांचा संकर करायचा, दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक झाडाचा एकच दाणा पुढच्या हंगामात पेरत जायचं. सहा-सात पिढ्यांनी प्रत्येक लाइन आतून जवळजवळ स्थिर होते. कुठल्याही जागी एका पालकाचं अक्षर किंवा दुसऱ्याचं, दोन्ही एकदम नाही. अशा १८० लाइनींचा प्रत्येकीचा डीएनए वेगळा वाचायला पैसे लागतात आणि ते आमच्याकडे नव्हते. म्हणून दोन टोकांच्या लाइनी निवडून त्यांच्या डीएनएचे दोन काले करायचे. या काल्याला आम्ही बल्क म्हणतो.

ही युक्ती पिकांमध्ये गाजली ती १९९१ साली, लेट्यूसवर. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे मिशेलमोर, पारान आणि केसेली या तिघांनी लेट्यूसच्या केवडा रोगाला प्रतिकार करणाऱ्या जनुकाजवळचे तीन मार्कर अशा मिश्रणांतून शोधले. त्यांचा हिशोब इतका सुरेख आहे की मला तो पाठ आहे. दुसऱ्या पिढीतल्या झाडात एखाद्या मार्करचा पट्टा जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) न दिसण्याची शक्यता चारात एक. दहा झाडं एकत्र केली आणि मार्करचा रोगाशी काही संबंध नाही, तर दहाच्या दहा झाडांत तो पट्टा नसण्याची शक्यता चाराचा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६ मध्ये एक. हा बल्क किंवा तो बल्क, दोन्ही बाजू धरल्या तर साधारण सव्वापाच लाखांत एक. म्हणजे जेलवर एका बल्कात पट्टा आहे आणि दुसऱ्यात नाही एवढं दिसलं, की शेकडो पट्टे तपासले असले तरी योगायोगाची भीती फारशी बाळगायची गरज नाही. कागद, पेन्सिल आणि दहा झाडं. मला हे वाचल्यावर खरंच वाटलं होतं की बाकीचं संख्याशास्त्र उगाच शिकले.

अडचण अशी की हा हिशोब "आहे-नाही" अशा गोष्टींचा. एकच जनुक, रोग पूर्ण किंवा शून्य. टिक्का तसा नाही. टिक्क्याला आम्ही १ ते ९ गुण देतो. १ म्हणजे पान स्वच्छ, ९ म्हणजे झाडावर पानंच उरली नाहीत. (या परीक्षेत जास्त गुण मिळवणारा नापास. घरी हे समजावताना नेहमी घोळ होतो.) रोग सगळ्यांना सारखा लागावा म्हणून मधूनमधून रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरतात. तरी वाफ्याच्या कडेची लाइन वाऱ्यानं वाचते आणि ४ गुण घेऊन प्रतिकारक म्हणून मिरवते. दोन बल्कांत मग मार्कर "आहे आणि नाही" असा दिसत नाही, "७० टक्के आणि ३५ टक्के" असा दिसतो. आता प्रश्न पडतो की सत्तर आणि पस्तिसातला फरक खरा की योगायोगाचा. इथे माझं काम सुरू होतं.

या टोकाटोकांच्या काल्याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण मात्र शेतातलं नाही, गोठ्यातलं आहे. १९९४ साली दारवासी आणि सोलर या दोघांनी अशा मोजपट्टीवरच्या गुणांसाठी निवडक डीएनए एकत्र करायच्या पद्धतीचं गणित मांडलं. मग १९९८ साली लिपकिन, सोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या होल्स्टीन गाईंवर ते करून दाखवलं. त्यांना दुधातल्या प्रथिनांच्या टक्केवारीची जनुकं शोधायची होती. हजारो गाईंचं रक्त काढत कोण बसणार? पण दुधाचे नमुने नियमित तपासणीला येतच होते आणि दुधात गाईच्या पेशी असतात, पेशींत डीएनए असतो. एकाच वळूच्या मुली घ्यायच्या. ज्यांच्या दुधात प्रथिनं जास्त त्यांचं दूध एका भांड्यात, कमी असलेल्यांचं दुसऱ्या भांड्यात, आणि वळूच्या गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी कुठली कुठल्या भांड्यात जास्त उतरली ते मोजायचं.

हे आण्णांना एकदम पटलं. रोज सकाळी संकलन केंद्रावर सगळ्या गावाचं दूध एकाच टाकीत जातं, फॅट मात्र ज्याची त्याची आधी मोजून घेतात. ते म्हणाले, "आन एखादीला दगडी झाली असली तर?"

दगडी म्हणजे कासदाह. कास सुजलेल्या गाईच्या दुधात पेशींची संख्या कितीतरी वाढलेली असते. सगळ्यांचं दूध मापानं सारखं घेतलं तर ती एकटी गाय मिश्रणात इतरांच्या कितीतरी पट होऊन बसेल. म्हणून दूध मापानं नाही, पेशींच्या संख्येनं सारखं घ्यावं लागतं. आण्णांना पेशी-बिशी ठाऊक नाहीत, पण नासकं दूध टाकीत गेलं की काय होतं ते ठाऊक आहे.

आमच्या बल्कातही दगडी होतीच. डीएनए किती आहे ते आम्ही आधी अतिनील प्रकाश किती शोषला जातो यावरून मोजायचो. ते यंत्र डीएनए आणि पेशीतलाच त्याचा भाऊबंद आरएनए यांत भेद करत नाही. ज्या नमुन्यात आरएनए जास्त राहिला त्यात डीएनए भरपूर आहे असं ते सांगायचं, आणि आम्ही त्यातला थेंब लहान घ्यायचो. म्हणजे ती लाइन मिश्रणात उपाशी, आणि जिच्यात आरएनए कमी राहिला ती फुगलेली. याचा हिशोब सोपा आहे. विसांपैकी एका लाइनीचा वाटा इतरांच्या पाचपट झाला तर सगळे वाटे मिळून चोवीस होतात. वाट्यांच्या वर्गांची बेरीज करून उलटं केलं की कळतं, हा बल्क आता विसांचा नाही, तेरा लाइनींच्या तोडीचा उरला. सात लाइनी पेरल्या, राखल्या, गुण दिले, पानं खुडली, आणि पिपेटच्या टोकाशी हरवल्या. पुढे आम्ही फक्त डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगावर मोजायला लागलो. ते महाग पडतं, पण लाइन पोसण्याहून महाग नाही.

आता माझी चूक.

दोन नळ्यांचं वाचन आलं. वाचन म्हणजे डीएनएचे लहान तुकडे, ज्यांना रीड्स म्हणतात. एखाद्या जागेवर सरासरी तीस रीड्स पडले होते. समजा तिसातले अठरा प्रतिकारक पालकाचं अक्षर दाखवतात, तर त्या जागेचा निर्देशांक ०.६. दुसऱ्या बल्कात तिसातले बारा, म्हणजे ०.४. दोघांतला फरक ०.२. हाच फरक गुणसूत्रभर काढत गेलं की आलेख तयार. ही पद्धत जपानमधल्या इवाते इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये भातावर मांडली आणि क्यूटीएल-सेक नावानं ती आता सगळीकडे चालते.

भुईमुगाचा एक जास्तीचा ताप असतो. त्याच्या पेशीत दोन रानटी पूर्वजांचे दोन संच शेजारी नांदतात, एकूण ४० गुणसूत्रं, आणि दोन संच इतके सारखे की एका संचातला रीड दुसऱ्या संचाच्या जागेवर जाऊन बसतो. अशा जागी निर्देशांक कायम अर्ध्यावर लोंबकळतो. त्या जागा गाळण्यात माझा महिना गेला. असो.

तीस रीड्सवर आकडा फार हलतो. म्हणून मी शेजारशेजारच्या दहा जागा एका खिडकीत घेतल्या आणि त्यांचे रीड्स बेरजेला धरले. दहा गुणिले तीस, तीनशे. एका खिडकीत असं दिसलं: प्रतिकारक बल्कात ३०० पैकी १८०, बळी पडणाऱ्या बल्कात ३०० पैकी १२०. काय-वर्ग (फरक योगायोगाच्या मानानं किती मोठा आहे ते सांगणारी संख्या, इंग्रजीत काय-स्क्वेअर) काढला, २४ आला. हे योगायोगानं घडण्याची शक्यता दहा लाखांत एक. अशा तीन टेकड्या मिळाल्या. तिसऱ्या गुणसूत्रावरची उंच होती, तिथला फरक अर्ध्याहून जास्त. उरलेल्या दोन ठेंगण्या, पण पी-व्हॅल्यू, म्हणजे योगायोगाची शक्यता, अशी की त्यावर कुणी शंका घेऊ नये. त्यातली एकही कुणी आधी सांगितलेली नव्हती. नवं काहीतरी सापडलंय या आनंदात मी घरी फोन लावला, तो वर सांगितलाच.

ठेंगण्या दोन टेकड्यांसाठी मार्कर मागवले. चाळीस लाइनी एकेक करून तपासल्या, मग आणखी साठ. काहीच नाही. मार्कर कुठे आणि टिक्का कुठे, एकमेकांची ओळखही नसल्यासारखे. मी मार्करला दोष दिला, मग वाफ्याला, मग पिपेटला.

आमचे वनस्पती प्रजननाचे सर निवृत्तीला आलेले. संगणकाला हात लावत नाहीत. त्यांनी माझा कागद बघितला आणि विचारलं, "या तीनशेत लाइनी किती?"

"वीस, सर."

"मग तीनशे कुठून आले?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच बंद केलं. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात ती चूक मी एम.एस्सी. होऊन केली होती. वीस माणसांना प्रत्येकी पंधरा वेळा मत विचारलं म्हणून तीनशे माणसं होत नाहीत. शेजारच्या दहा जागा म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. त्या एकाच गुणसूत्राच्या तुकड्यावर बसून त्याच वीस लाइनींतून आलेल्या आहेत. लाइनींच्या निवडीत योगायोगानं बारा एकीकडे आणि आठ दुसरीकडे झाल्या असतील, तर दहाच्या दहा जागा तेच खोटं एका सुरात सांगणार.

तोच काय-वर्ग लाइनींवर काढून बघा. विसात बारा आणि विसात आठ. उत्तर १.६. असं योगायोगानं व्हायची शक्यता पाचात एक. साठ आणि चाळीस टक्के दोन्हीकडे तेच, एका हिशोबात दहा लाखांत एक, दुसऱ्यात पाचात एक.

खरं तर दोन्ही हिशोब अपुरे आहेत, कारण इथे दोन सोडती लागतात. पहिली शेतात: १८० लाइनींतून वीस कुठल्या आल्या. दुसरी यंत्रात: मिश्रणातून कुठले तुकडे वाचले गेले. ढोबळमानानं दोन्हींची चलबिचल बेरजेत जाते, एक भागिले लाइनी अधिक एक भागिले रीड्स. यावरून निघतं की काहीच लिंकेज नसतानाही तीनशे रीड्स आणि वीस लाइनींसाठी काय-वर्गाची सरासरी १ नसते. ती १ अधिक ३०० भागिले २०, म्हणजे १६ असते. मी १ च्या सरासरीवर २४ ठेवून नाचत होते. १६ च्या सरासरीवर २४ म्हणजे काहीच नाही. रीड्स वाढवले असते तर ३४ आला असता, ५० आला असता, आणि मी आणखी जोरात नाचले असते.

हीच गोष्ट मॅग्वीन, विलिस आणि केली यांनी २०११ साली नीट गणितात बसवली आहे. ते काय-वर्गाच्या जागी त्याचीच बहीण शोभेल अशी 'G' नावाची संख्या घेतात, शेजारच्या जागांना अंतराप्रमाणे कमी-जास्त वजन देऊन ती गुळगुळीत करतात, आणि "काहीच नाही" या स्थितीत तिचं वाटप कसं दिसेल ते पाठ्यपुस्तकातून न घेता त्याच माहितीतून अंदाजतात. आर या संगणकी भाषेत यासाठी तयार पॅकेज आहे. मीही तेच वापरलं होतं, पण खिडकीचा हिशोब मात्र हौसेनं स्वतःचा लावला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या प्रकल्पाला ते पडलं.

त्यानंतर मी एक तक्ता करून भिंतीला लावला. तो इथे शब्दांत सांगते, कारण बल्क करणाऱ्या प्रत्येकानं तो पैसे खर्चण्याआधी बघावा असं मला वाटतं. मार्कर अर्धा-अर्धा वाटला गेलेला आहे आणि लिंकेज अजिबात नाही असं धरा. प्रत्येक बल्कात २० लाइनी आणि जागेमागे ३० रीड्स असतील तर दोन बल्कांतला फरक निव्वळ योगायोगानं ०.४० पर्यंत इकडेतिकडे जाऊ शकतो, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तो या मर्यादेच्या आत राहतो. आता रीड्स दहापट करा, ३००. ती मर्यादा ०.३२ वर येते. त्याऐवजी रीड्स तेच ३० ठेवा आणि लाइनी २० च्या ४० करा. मर्यादा ०.३३. म्हणजे दहापट वाचन आणि दुप्पट लाइनी यांनी जवळपास सारखंच काम केलं. आणि वीस लाइनींवर कितीही रीड्स ओतले, अगदी अनंत, तरी ०.३१ च्या खाली तुम्ही जात नाही. आमचा खटकणारा फरक ०.२ होता. तो या कुंपणाच्या आतच चरत होता.

म्हणजे भरमसाट लाइनी घ्याव्यात का? तेही नाही, आणि हे मला सरांनी शेतात उभं करून दाखवलं. १८० मधल्या टोकाच्या वीस घेतल्या तर त्या खरोखर टोकाच्या असतात. चाळीस घ्यायला गेलात की ५ गुणांच्या, ना धड इकडच्या ना तिकडच्या लाइनी आत येतात आणि खरा फरकच पातळ होतो. गणित म्हणतं वाढवा, शेत म्हणतं थांबा. उपाय एकच, मूळच्या लाइनीच जास्त असायला हव्यात, तीनशे-चारशे. त्या एका वर्षात होत नाहीत. भुईमुगाचा संकर म्हणजे संध्याकाळी चिमट्यानं फुलातले परागकोश काढायचे आणि सकाळी पराग लावायचे, एकेका फुलाला. मग पिढ्यान् पिढ्या. वाचनयंत्राला एक आठवडा लागतो म्हणून सगळे यंत्राकडे धावतात. मीही धावलेच.

आण्णांच्या त्या काल्याच्या प्रश्नाचं उत्तरही मला नंतर दुरुस्त करावं लागलं. काल्यातून एकेक वेगळं निवडता येत नाही, असं मी धरून चालले होते. माणसांच्या बाबतीतही लोक तसंच समजत होते. १९८५ साली आर्नहाइम, स्ट्रेंज आणि अर्लिक यांनी रुग्णांचा डीएनए एकत्र करून रोगाशी संबंध शोधायची वाट दाखवली होती. पुढे नेगेवच्या वाळवंटातल्या बेदुइन कुटुंबांत बार्डेट-बीडल सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजाराची एक जागा तिसऱ्या गुणसूत्रावर सापडली, तीही आजारी माणसांचा एक आणि निरोगी नातेवाइकांचा दुसरा असे काले करून. मिश्रणाची टक्केवारी जाहीर केली तर कुणाची ओळख उघड होत नाही, असं गृहीत होतं. २००८ मध्ये होमर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एखाद्या माणसाचा डीएनए तुमच्याकडे वेगळा असेल, तर तो माणूस शेकडोंच्या मिश्रणात आहे की नाही हे त्या टक्केवारीवरूनच सांगता येतं, त्याचा वाटा एक टक्क्याहून कमी असला तरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं अशी एकत्रित माहिती त्यानंतर खुल्या संकेतस्थळावरून काढून घेतली. हजारो जागी केसभर झुकाव, पण बेरजेत त्या माणसाच्याच बाजूला.

हे ऐकल्यावर आण्णा म्हणाले, "मग मी त्या दिवशी काय वायलं सांगत हुतो?"

उंच टेकडीचं काय झालं ते राहिलं. तिसऱ्या गुणसूत्राच्या टोकाकडची ती टेकडी टिकली. एकेक लाइन तपासली तेव्हाही मार्कर आणि टिक्का बरोबरच निघाले. पण ती नवी नव्हती. टॅग-२४ आणि धारवाडचा जीपीबीडी-४ या दोन वाणांच्या संकरातल्या लाइनींवर हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी क्यूटीएल-सेक करून २०१७ सालीच ती जागा दाखवली होती. टिक्का आणि तांबेरा दोन्हींचा प्रतिकार तिसऱ्या गुणसूत्राच्या साधारण ३० लाख अक्षरांच्या एकाच पट्ट्यात. जीपीबीडी-४ मध्ये तो आला अराकिस कार्डेनासी नावाच्या रानटी भुईमुगाकडून. आमचा प्रतिकारक पालक त्याच गोतावळ्यातला होता, मग दुसरं काय निघणार. तांबेऱ्याचा तो तुकडा टॅग-२४ मध्ये आणि आपल्या जळगावच्या जेएल-२४ मध्ये, म्हणजे फुले प्रगतीमध्ये, मार्करच्या मदतीनं उतरवण्याचं कामही इक्रिसॅटनं २०१४ पर्यंत करून झालं होतं. मी चार महिने घालवून जे खरं शोधलं ते छापून आलेलं होतं आणि जे नवं शोधलं ते खोटं होतं.

सरांना याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, ठाऊक असलेली जागा सापडली म्हणजे तुझ्या बल्कात आणि वाफ्यात दम होता, नाहीतर तीही दिसली नसती. आता नवा संकर चालू आहे, जीपीबीडीचं रक्त नसलेला. लाइनी साडेतीनशे करायच्या ठरल्यात. सध्या चौथी पिढी जमिनीत आहे.

परवा आण्णांनी व्हॉट्सअपवर फोटो पाठवला. भुईमुगाचं पान, मागच्या बाजूनं धरलेलं, काळ्या ठिपक्यांनी भरलेलं. खाली लिहिलं होतं, "आपल्या टॅगला किती देतीस?" मी पान मोठं करून बघितलं, फोटोतली झाडाची खालची अर्धी पानं गळालेली बघितली, आणि लिहिलं, "६."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "नवापैकी सहा म्हंजी फर्स्ट क्लास की गं."